डोळ्याला विचारायचा प्रश्न

१७२५ सालच्या नोव्हेंबरातली चांदणी रात्र. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ल क्रॉइझिक या बंदरगावात पिएर बूगे नावाचे सत्तावीस वर्षांचे शिक्षक चंद्राचा उजेड मोजत होते. खलाशांना नौकानयनाचं शास्त्र शिकवणं हा त्यांच्या वडिलांचा पेशा. वडील गेले तेव्हा बूगे पंधरा वर्षांचे होते आणि त्याच वयात ती जागा त्यांच्याकडे आली. चंद्र मोजायला त्यांच्यापाशी होत्या चार मेणबत्त्या आणि भरपूर मोकळी जागा. चंद्र आकाशात उंच असताना त्याचं चांदणं आणि ४१ फुटांवर ठेवलेल्या चार मेणबत्त्यांचा उजेड सारखा भरला. चंद्र खाली, क्षितिजाच्या बाजूला असताना त्याच मेणबत्त्या ५० फुटांवर न्याव्या लागल्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा नियम तेव्हा ठाऊक होता. ४१चा वर्ग १६८१, ५०चा २५००. म्हणजे खालच्या चंद्राचं चांदणं वरच्या चंद्राच्या सुमारे दोन तृतीयांशच होतं. उरलेलं, तिरप्या वाटेवरच्या जास्तीच्या हवेने खाल्लं होतं.

या प्रयोगातली खरी करामत गणितात नाही. ती आहे बूगे यांनी डोळ्याला जे विचारलं नाही त्यात. ‘हा उजेड किती?’ असं त्यांनी डोळ्याला एकदाही विचारलं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यापाशी नसतं. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. तरीही आपण दोन्हींत वाट चालू शकतो. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल स्वतःची संवेदना बदलतं आणि लाखोंचा हा फरक आपल्याला जाणवूही देत नाही. जगायला हे फार सोयीचं आहे. मोजायला मात्र असा साक्षीदार कुचकामाचा.

पण याच साक्षीदारापाशी एक भरवशाची गोष्ट आहे. एखाद्या मुलाची उंची नुसती पाहून नेमकी सांगता येत नाही, पण दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी केली तर उंच कोण ते कुणीही सांगतं. उजेडाचंही तसंच. दोन पांढरे पृष्ठभाग एकमेकांना चिकटून असतील आणि दोन्हींवर वेगवेगळ्या दिव्यांचा उजेड पडत असेल, तर डोळा अगदी बारीक फरक पकडतो. बूगे यांनी हा फरकही मोजला. त्यांच्या डोळ्याला चौसष्टात एकाइतकी तफावत कळत होती. तेव्हा युक्ती अशी की डोळ्याला फक्त ‘हे दोन सारखे आहेत का?’ एवढंच विचारायचं आणि बाकीचा हिशेब अंतरावर सोपवायचा. १७२९ साली त्यांनी प्रकाशाच्या तीव्रतेवर छोटासा ग्रंथ छापला. सूर्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लाख पट आहे, असाही निष्कर्ष त्यांनी काढला होता. आजचा आकडा चार लाखांच्या घरात आहे. मेणबत्त्यांच्या भरवशावर काढलेला तो अंदाज पाहिला की या माणसाविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

उजेड मोजण्याच्या यंत्रांचा पुढचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे हाच प्रश्न अधिकाधिक नेटका कसा विचारायचा, याचा इतिहास आहे.

१७६० साली दोन पुस्तकं आली. बूगे दोन वर्षांपूर्वी वारले होते, त्यांचा मोठा ग्रंथ मागाहून प्रसिद्ध झाला. आणि आउग्सबुर्गमध्ये योहान हाइन्रिख लाम्बर्ट या शिंप्याच्या मुलाने लॅटिनमध्ये ‘फोटोमेट्रिया’ छापली. लाम्बर्ट यांचं बळ प्रयोगापेक्षा गणितात होतं. पृष्ठभागावर उजेड तिरपा पडला तर तो किती विरळ होतो, चुना दिलेल्या भिंतीसारखा खरखरीत पांढरा पृष्ठभाग उजेड चहूकडे कसा पसरवतो, याचे नियम त्यांनी बांधून दिले. आजचं कोणतंही प्रकाशमापक उघडलं तर आत त्यांचा कोज्या-नियम सापडतो.

यंत्राला सुटसुटीत रूप दिलं ते बेंजामिन थॉम्पसन यांनी. जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, चाकरी बव्हेरियाच्या शासकाची, पदवी काउंट रम्फर्ड. म्युनिकमध्ये त्यांनी गरिबांसाठी कामाचं घर उघडलं होतं. तिथे दिवे लागायचे आणि तेलामेणाचा खर्च छातीवर बसायचा. कोणत्या दिव्यात एका पैशाला जास्त उजेड मिळतो, हा त्यांचा सवाल रोकडा होता. उत्तरासाठी त्यांनी एका पांढऱ्या कागदापुढे काठी उभी केली आणि समोर दोन दिवे ठेवले. काठीच्या दोन सावल्या पडल्या. एका दिव्याची सावली फक्त दुसऱ्या दिव्याने उजळते, म्हणून दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसेपर्यंत दिवे पुढेमागे सरकवायचे, मग अंतरं मोजायची. १७९४ साली ही रीत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सावल्या वापरण्यातलं शहाणपण असं की दोन्ही एकाच कागदावर, अगदी शेजारी पडतात आणि खोलीतला इतर उजेड दोन्हींवर सारखाच येतो.

याच खटाटोपात रम्फर्ड यांना एक अडचणही दिसली. मेणबत्तीची सावली आणि दिवसाच्या उजेडाची सावली शेजारी पाडली तर एक निळी दिसते, एक पिवळी. निळं आणि पिवळं यांत सारखं काय आणि कमी काय, हे डोळ्याने कसं सांगायचं? त्यांनी रंगीत सावल्यांवर वेगळा निबंधच लिहिला. प्रश्न मात्र जवळजवळ सव्वाशे वर्षं तसाच पडून राहिला.

मग कोळशाचा गॅस आला आणि उजेड हा बाजारात मापून विकायचा माल झाला. १८१२ साली लंडनमध्ये पहिली मोठी गॅस कंपनी उभी राहिली. काही दशकांत रस्ते, दुकानं, नाटकगृहं गॅसवर उजळू लागली. गिऱ्हाईक पैसे मोजायचं घनफुटाने, पण त्याला हवा असायचा उजेड. पातळ, निकृष्ट गॅस विकून कंपनी घनफूट पुरे भरून देऊ शकत होती. म्हणून १८६०च्या कायद्याने लंडनच्या गॅसचा कस उजेडावरून ठरवायचं बंधन आलं. कस कशाशी लावायचा? स्पर्म जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाच्या मेणबत्तीशी. एका पौंडात सहा बसतील अशी तिची जाडी आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, मेण जाळील अशी तिची वात.

चाचणीच्या खोल्यांच्या भिंती काळ्या असत, म्हणजे भलताच उजेड परतून येऊ नये. लांब दांड्याच्या एका टोकाला गॅसची ज्योत, तासाला पाच घनफुटांच्या मापाने जळणारी. दुसऱ्या टोकाला मेणबत्त्यांची जोडी, तीही तराजूत टांगलेली. दहा मिनिटांत दोन्ही मिळून ४० ग्रेन मेण जळायला हवं. शंभरात पाचांहून जास्त फरक पडला की ती चाचणी रद्द. दांड्यावर मधोमध सरकत असे ती रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४०च्या दशकात सुचवलेली पडदी: पांढरा कागद आणि त्यावर तेलाचा किंवा मेणाचा एक डाग. समोरून उजेड जास्त असेल तर डाग काळपट दिसतो, मागून जास्त असेल तर उजळ. दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. कागदाच्या दोन्ही अंगांना दोन आरसे तिरपे बसवले की परीक्षकाला दोन्ही बाजू एकदम दिसत. लंडन शहराचे मुख्य गॅस-परीक्षक डॉ. हेन्री लेथबी यांच्या नावाचा असा फोटोमीटर बरीच वर्षं चलनात होता. डोळ्याला विचारलेला प्रश्न आता आणखी सोपा झाला होता: डाग दिसतो की नाही?

मापाची रीत सुधारली तसा मापाचा खोटेपणा उघडा पडला. मेणबत्तीची वात वाकते, काजळी धरते, मेण ओघळतं. एकाच डब्यातल्या दोन मेणबत्त्या सारख्या जळत नाहीत. फ्रान्सने घड्याळी चावीवर तेल चढवणारा कार्सेल दिवा निवडला. त्यात ताशी ४२ ग्रॅम रेपसीडचं तेल जळायचं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे रसायनतज्ज्ञ व्हर्नन हारकोर्ट यांनी वात पूर्ण हद्दपार करून पेंटेनच्या वाफेवर जळणारा दिवा बनवला. त्याचा दहा मेणबत्त्यांच्या ताकदीचा नमुना १८९८ साली लंडनचं अधिकृत प्रमाण झाला.

सगळ्यांत साधा आणि दीर्घायुषी ठरला तो जर्मनीतला हेफ्नर दिवा. सीमेन्स आणि हाल्स्के कंपनीचे अभियंते फ्रीडरिख फॉन हेफ्नर-आल्टेनेक यांनी तो १८८४ साली मांडला. आत अमाइल ॲसिटेट हे द्रव, पिकल्या फळासारख्या वासाचं आणि शुद्ध रूपात मिळणारं. वातीच्या नळीचा आतला व्यास ८ मिलिमीटर, ज्योतीची उंची ४० मिलिमीटर. वात कशाची आहे याला फारसं महत्त्व नाही, कारण जळते ती वाफ. हे मोजमाप पाळलं की दिवा बर्लिनमध्ये लावा किंवा व्हिएन्नात, उजेड तोच. तोच म्हणजे तरी किती तोच? ज्योत एक मिलिमीटर उंचावली की अडीच ते तीन टक्क्यांचा फरक. हवा दमट असली की ज्योत मंदावते. म्हणून एक घनमीटर हवेत ८.८ लिटर वाफ ही प्रमाण परिस्थिती ठरवून तिथून दुरुस्तीचं कोष्टक लावायचं. शिवाय ज्योत तांबूस, आणि मोजायचे नवे विजेचे दिवे पांढरे. रम्फर्ड यांच्या रंगीत सावल्या पुन्हा समोर उभ्या राहिल्या. तरीही जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्कँडिनेव्हियाने हा दिवा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडला नाही.

१८८७ साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये जर्मन सरकारने भौतिक-तांत्रिक संस्था स्थापन केली. जमीन वेर्नर सीमेन्स यांनी दिली, पहिले अध्यक्ष झाले हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ. गॅसवाले आणि वीजवाले दोघांनाही उजेडाचं पक्कं माप हवं होतं, म्हणून प्रकाशमापन हे संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. तिथे ओटो लुमर आणि ऑयगेन ब्रोडहून यांनी १८८९ साली बुन्सेनच्या तेलकट डागाला काचेत उतरवलं.

ती रचना सांगण्याजोगी आहे. काचेचे दोन काटकोनी लोलक घ्यायचे. एकाची तिरपी बाजू सपाट ठेवायची. दुसऱ्याच्या तिरप्या बाजूची कडा घासून काढायची, म्हणजे मधोमध एक गोल सपाट चकती उरते. दोन्ही लोलक एकमेकांवर घट्ट दाबले की त्या चकतीपुरती काच काचेला पूर्ण भिडते आणि तिथून उजेड सरळ आरपार जातो. बाकीच्या जागेत हवेची बारीक फट राहते आणि तिथे उजेड आरशावर आपटावा तसा पूर्ण परततो. दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्याला मधली चकती दिसते ती एका दिव्याची, भोवतालचं कडं दुसऱ्या दिव्याचं. दोन्हींच्या मध्ये कागदाची जाडी नाही, डागाची पुसट कड नाही. उजेड सारखे झाले की सीमारेषा विरघळून जाते. एडिनबरोच्या विल्यम स्वान यांना याच धर्तीची कल्पना आधी सुचली होती, पण कारखान्यात आणि प्रयोगशाळेत रुळला तो लुमर-ब्रोडहून घन. कसलेला निरीक्षक त्याच्यावर एका टक्क्याहून कमी फरक ओळखू शकतो. डोळ्याला यापेक्षा चांगला प्रश्न पुढेही कुणी विचारू शकलं नाही, असं या विषयाचा इतिहास वाचताना ठामपणे वाटतं.

ज्योतीचा लहरीपणा टाळायचा तर ज्योतच नको, असं ठरवून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झ्यूल व्हिओल यांनी १८८१ साली वितळलेलं प्लॅटिनम सुचवलं होतं. धातू गोठू लागतो त्या क्षणी त्याच्या एका चौरस सेंटिमीटरातून निघणारा उजेड हे एकक. विचार उत्तम, पण उघड्या धातूच्या पृष्ठभागावर जरा मळ आला की आकडा बदलायचा. बर्लिनच्या संस्थेत लुमर, कुर्लबाउम आणि विल्हेल्म वीन याच्याच मागे लागले. पृष्ठभागाची कटकट नको असेल तर पोकळी वापरा, असं वीन आणि लुमर यांनी १८९५ साली सुचवलं. तापवलेल्या बंद पोकळीला एक लहान भोक पाडलं की त्यातून येणारं प्रारण फक्त तापमानावर अवलंबून असतं, भिंत कशाची आहे यावर नाही. विजेवर तापणारी अशी पोकळी तयार झाली, तिच्या प्रारणाची प्रत्येक तरंगलांबीला मोजणी सुरू झाली आणि लांब तरंगांच्या टोकाला आकडे प्रचलित सूत्राशी जुळेनात. ते आकडे माक्स प्लांक यांच्यापर्यंत पोहोचले. १९ ऑक्टोबर १९०० रोजी त्यांनी नवं सूत्र मांडलं, १४ डिसेंबरला त्यामागची ऊर्जेच्या पुंजांची कल्पना. पुंजभौतिकीचा उगम सांगताना दिव्याचं माप शोधणाऱ्या या माणसांचा उल्लेख बहुधा राहून जातो. तो व्हायला हवा.

मधल्या काळात विजेच्या दिव्याने वेगळाच पेच टाकला. मेणबत्ती चारी बाजूंना जवळपास सारखी उजळते. आर्क दिवा खाली एक, बाजूला दुसरं, वर तिसरंच. एका दिशेने मोजून त्याचा हिशेब लागेना. दिवा कोनाकोनाने फिरवत शंभर ठिकाणी मोजमापं घ्यायची आणि बेरीज करायची, हा एक मार्ग. आजही रस्त्यावरच्या दिव्यांसाठी असं फिरतं यंत्र, गोनिओफोटोमीटर, वापरतात, कारण रस्त्याच्या अभियंत्याला कोणत्या दिशेला किती उजेड हेच हवं असतं. पण एकूण उजेड एका फटक्यात मोजायचा मार्ग सापडला तो पांढऱ्या गोलात.

इंग्रज अभियंते विल्यम सम्प्नर यांनी १८९२ साली त्यामागचं तत्त्व मांडलं. १९०० साली ड्रेस्डेनचे रिचर्ड उलब्रिख्ट यांनी त्याचं यंत्र केलं. एक पोकळ गोल, आतून खरखरीत पांढरा, मध्ये दिवा, बाजूला छोटी खिडकी. गोलच का, चौकोनी पेटी का नाही? गोलाच्या आतल्या भिंतीवरचे कोणतेही दोन ठिपके घ्या. जवळजवळ असले तर अंतर कमी, म्हणून उजेड जास्त पोहोचायला हवा. पण जवळचे ठिपके एकमेकांकडे फार तिरपे पाहतात; उजेड निघतानाही तिरपा, पडतानाही तिरपा. लाम्बर्ट यांच्या नियमाने ही दोनदा होणारी तूट आणि जवळिकीचा फायदा गोलाच्या भूमितीत तंतोतंत फिटतात. म्हणजे भिंतीवरचा प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला सारखाच उजळतो. दिव्याने उजेड कुठेही फेको, एकदा भिंतीवर आपटून पसरला की त्याचा वाटा सगळ्या गोलाला समान मिळतो आणि खिडकीवरचा उजेड थेट एकूण उजेडाच्या प्रमाणात येतो. दिवा आणि खिडकी यांच्यामध्ये तेवढी एक पांढरी आडोशाची पट्टी लावायची, म्हणजे दिव्याचे थेट किरण खिडकीवर पडत नाहीत.

कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात सगळी दुखणी त्या पांढऱ्या रंगात. भिंत शंभरातले ९८ भाग उजेड परतवत असेल तर उजेड आत पुन्हापुन्हा आपटून ४९ पट साचतो. ९८चे ९७ झाले की पट उरते ३२. धुळीने किंवा पिवळेपणाने रंग जेमतेम एक टक्का घसरला की वाचन एक तृतीयांशाने पडतं. रंग जितका पांढरा तितका गोल हळवा, म्हणून जुने कारागीर मुद्दाम थोडा कमी पांढरा, पण टिकाऊ रंग पसंत करत. मॅग्नेशियमच्या धुराचा थर, बेरियम सल्फेटचा लेप आणि आता टेफ्लॉनच्या जातीचं दाबलेलं प्लास्टिक असा हा प्रवास आहे. शिवाय मोजायचा दिवा स्वतःही उजेड गिळतो. त्याचं काळं बूड, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पाकळ्या या सगळ्यांची तूट काढायला गोलात एक मदतनीस दिवा कायमचा बसवलेला असतो. आधी रिकाम्या गोलात तो लावून वाचन घ्यायचं, मग मोजायचा दिवा न पेटवता आत ठेवून पुन्हा घ्यायचं. फरक म्हणजे त्या दिव्याने खाल्लेला उजेड.

तुलनेसाठी ज्ञात उजेडाचे प्रमाण दिवे लागायचे. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी त्यासाठी कार्बन तंतूचे मोठ्या काचफुग्याचे दिवे बनवले. तंतूचा कार्बन उडून काचेवर बसतो. फुगा मोठा असला की तो डाग पातळ पसरतो आणि उजेड फारसा घटत नाही. अशा दिव्यांच्या आधाराने ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका १९०९ साली एका समान ‘आंतरराष्ट्रीय कँडल’वर आले. जर्मनी हेफ्नरवरच राहिली.

राहिला होता रंग. अडचण मुळात डोळ्यातच होती. १८२५ साली यान पुर्किन्ये यांनी नोंदवलं होतं की झुंजुमुंजू होताना निळं आधी दिसू लागतं, तांबडं उशिरा. तर निळसर आणि तांबूस दिव्यांत सारखेपणा ओळखायचा कसा? अमेरिकेत ऑग्डेन रूड यांनी १८९३ साली नामी तोड काढली. दोन्ही उजेड शेजारी ठेवायचेच नाहीत, एकाच जागी आळीपाळीने पाडायचे. वेग वाढवत नेला की दोन रंग एकमेकांत मिसळून जातात, पण तेज कमीजास्त असेल तर लुकलुक चालूच राहते. ती लुकलुक थांबेपर्यंत दिवा सरकवायचा. हर्बर्ट आयव्ह्झ यांनी १९१२च्या सुमारास या रीतीला शिस्त लावली. मग कित्येक निरीक्षकांच्या डोळ्यांची संवेदना तरंगलांबीनुसार मोजली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या गिब्सन आणि टिंडल यांनी १९२३ साली ती सारी एका वक्ररेषेत बसवली आणि १९२४ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ती मान्य केली. शिखर हिरव्यात, ५५५ नॅनोमीटरला. दोन्ही बाजूंना झपाट्याने उतार. असा डोळा नेमका कुणाचाच नसतो, पण त्या दिवसापासून जगातला प्रत्येक दिवा याच डोळ्याने मोजला जातो.

खऱ्या डोळ्याची सुट्टी तिथून जवळ आली. १८७३ साली समुद्री तारांची चाचणी घेताना विलोबी स्मिथ यांच्या लक्षात आलं होतं की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते. वेर्नर सीमेन्स यांनी दोन वर्षांत त्यावर फोटोमीटर बांधला, पण सेलेनियम आळशी आणि लवकर थकणारं. व्होल्फेनबुटेलचे दोन शाळामास्तर, युलिउस एल्स्टर आणि हान्स गाइटेल, यांनी अल्कली धातूंचे प्रकाशघट बनवले. अमेरिकेत जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियमचा घट बर्फात थंड करून दुर्बिणीला लावला आणि १९१० साली अल्गोल ताऱ्याचं कुणाच्याही डोळ्याला न दिसलेलं दुय्यम ग्रहण पकडलं. १९३१ साली वेस्टन कंपनीचा, बॅटरीशिवाय चालणारा घट बाजारात आला आणि प्रकाशमापक छायाचित्रकाराच्या गळ्यात लटकू लागलं.

इथे रचनाकाराचं काम उलटं झालं. आजवर डोळ्याला शिस्त लावायची होती, आता यंत्राला डोळा बनवायचं होतं. आज वापरात असलेला सिलिकॉनचा घट अवरक्तात सर्वांत तीक्ष्ण असतो, जिथे माणसाला काहीच दिसत नाही. म्हणून त्याच्यापुढे रंगीत काचांची चवड लावून त्याचा प्रतिसाद १९२४च्या रेषेवर बसवावा लागतो. हिरव्यात हे छान जमतं. निळ्यात घोटाळा होतो. ४५० नॅनोमीटरला त्या प्रमाण डोळ्याची संवेदना शिखराच्या शंभरात चारांहूनही कमी असते, तेव्हा काचेतली क्षुल्लक चूकही तिथे मोठ्या टक्क्यांची होते. आणि पांढऱ्या एलईडीचा निळा उंचवटा नेमका याच सुमाराला येतो. दुसरी खोड तिरप्या उजेडाची. सपाट काच कडेने येणारे किरण परतवून लावते आणि वाचन कमी येतं. म्हणून लक्समीटरच्या डोक्यावर दुधी, किंचित फुगीर टोपी असते. लाम्बर्ट यांचा कोज्या-नियम पाळला जावा यासाठी तिचा आकार आणि कड घासूनपुसून जमवलेली असते.

एककाची कहाणीही याच वळणाने गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९३१ साली गोठत्या प्लॅटिनममध्ये बुडवलेली थोरियाची नळी वापरून व्हिओल आणि बर्लिनकरांचं स्वप्न प्रत्यक्षात आणलं. १९४८पासून तिच्यावर आधारलेलं एकक जगाने स्वीकारलं आणि त्याचं नाव कँडेला ठेवलं. पण सुमारे २०४० केल्व्हिनला पेटलेली ती भट्टी फार थोड्या प्रयोगशाळांना झेपली आणि ज्यांना झेपली त्यांचेही आकडे एकमेकांशी पुरते जुळेनात. १९७९ साली भट्टी विझली. ५४० लाख कोटी हर्ट्झच्या हिरव्या उजेडाच्या एका वॅटला ६८३ ल्युमेन, एवढाच करार उरला. आता प्रयोगशाळा उजेडाची ऊर्जा विजेच्या ऊर्जेशी तोलते. द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवलेल्या काळ्या पोकळीला आधी प्रकाशाने, मग विजेने तेवढंच तापवायचं. सारखं झालं का, हाच प्रश्न, फक्त आता तो तापमापीला. भारताचा कँडेला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळला जातो आणि एलईडी बल्बच्या खोक्यावरच्या तारांकित पट्टीतला ‘ल्युमेन प्रति वॅट’ हा आकडा अखेर अशाच साखळीला टांगलेला असतो.

ती साखळी सध्या मधोमध बदलते आहे. गोल आणि मीटर जुळवून घ्यायला शंभर वर्षं तंतूचे दिवे वापरले गेले. त्यांचा उजेड ठाऊक, रंग ठाऊक, स्वभाव ठाऊक. तंतूचे बल्ब बाजारातून गेले तसे हे प्रमाण दिवे बनवणारे कारखानेही बंद होत आले. शिवाय तंतूच्या पिवळ्या उजेडावर जुळवलेला मीटर एलईडी मोजताना निळ्यात चुकतो तो चुकतोच. म्हणून प्रयोगशाळा आता खुद्द पांढऱ्या एलईडीलाच प्रमाण बनवायच्या मागे आहेत. त्याचं तापमान बांधून ठेवायचं, हजारो तास जाळून त्याची चाल स्थिरावू द्यायची, आणि आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१८ साली नोंदवलेल्या एलईडी वर्णपटांशी ताडून पाहायचं. हेफ्नर यांची चाळीस मिलिमीटरची ज्योत ज्या जागी होती, तिथे आता चिप बसते आहे.